कंपायलरचं विरजण

"आधी नवं नीट लागू दे, मग जुनं फेक," सासूबाईंनी बजावलं. "भांडं घासून मग विरजण शोधत फिरणाऱ्यातली तू!"

सूनबाईने पडद्यावरून नजर काढली नाही. हा कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याने उभा केलेला. त्याला आयतं काही चालत नसे. प्रत्येक प्रोग्राम त्याच्या लिहिलेल्या मूळ मजकुरापासून घरीच घडवायचा, आणि घडवणारा तो कंपायलर. आता हा कंपायलर म्हातारा झाला होता. सूनबाई घरांचे नकाशे काढून संसार चालवायची, आणि नकाशांचा नवा प्रोग्राम त्याच्या हातून घडेना. म्हणून जुन्याकडूनच नवा कंपायलर घडवून घ्यायचा, तो पारखायचा, त्याच्याकडून सगळे प्रोग्राम पुन्हा घडवायचे आणि अगदी शेवटी जुना पुसायचा. यातलं सासूबाईंना विरजण तेवढं कळलं होतं. तेवढं पुरे होतं.

त्यांचा जीव अडकला होता एका ओळीत. मुलगा रस्त्यावर अपघातात गेला, त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला कॉम्प्युटर बंद करताना काळ्या पडद्यावर ती उमटायची: "निघतो, आई. कडी लाव." जिवंतपणी तो दारातून हेच म्हणायचा. सासूबाई ओळ वाचायच्या आणि उठून कडी लावायच्या.

सूनबाईच्या अंगावर मात्र काटा यायचा. तिने सगळा मूळ मजकूर पालथा घातला होता. ओळ कुठेच लिहिलेली नव्हती. पण जुना कंपायलर जे जे घडवी, त्यात ती उतरायचीच.

आज मात्र नव्या कंपायलरने घडवलेले प्रोग्राम एकेक करून चालवून बंद केले, तर सगळे निमूट.

"आली का गं ओळ?"

"नाही."

"मग जुन्याकडून परत करून घे. आहे ना तो अजून?"

सूनबाईने कीबोर्ड बाजूला सरकवला.

"पुसलास? माझ्या पोराला पुसायला हात कसा धजला तुझा?"

"जाऊ द्या ना त्यांना आता," सूनबाई रडवेली झाली. "रोज संध्याकाळी त्यांना घराबाहेर काढायचं आणि आतून कडी लावायची. किती दिवस, सासूबाई?"

सासूबाई उठल्या आणि सवयीने दाराकडे निघाल्या.

सूनबाईने कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. काळाच राहिला. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच अक्षरं उमटली.

"आलो, आई. कडी लाव."

खुर्ची ढकलून ती दाराकडे धावली. सासूबाई दाराला पाठ लावून उभ्या होत्या. पडदा तिथून दिसत नव्हता.

"लावली रे, कधीच लावली," सुनेच्या खांद्यामागे बघत त्या मायेने म्हणाल्या. "बस आता. दमला असशील."