बिनफ्यूज

"आवाज वाढवला की बंद पडतो," गाडीतून उतरत शेठ म्हणाले. "थोड्या वेळानं आपोआप चालू होतो. बघता का जरा, मिस्त्री?"

मिस्त्रीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. शेठचे केस पिकले होते, पोट सुटलं होतं. पण हा आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता. याच आवाजानं भर दुकानात त्याला सांगितलं होतं, "चालता हो."

शेठनी मात्र त्याला ओळखलेलं दिसत नव्हतं. ओळखणार तरी कसे? तेव्हा तो अंगानं भरलेला होता. आता दाढीत निम्मा चेहरा गेला होता आणि उरलेला काळजीनं खाल्ला होता.

"बसा शेठ," तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पण गाडीतून उतरेल त्याला सगळेच शेठ म्हणतात. शेठ मुकाट्यानं स्टुलावर बसले.

त्यानं डिकी उघडली. ॲम्प्लिफायर चांगला होता, भारीपैकी. मीटर लावून त्यानं गाणं सुरू केलं. ठोका पडला की मीटरचा आकडा धाडकन खाली यायचा आणि ॲम्पवरचा लाल दिवा पेटायचा. मग त्यानं मीटरची काळी पिन ॲम्पवरून काढून गाडीच्या पत्र्याला टेकवली. आकडा जागचा हलेना. म्हणजे ॲम्प ठणठणीत होता, दुखणं अर्थिंगचं होतं.

मागच्या सीटखाली काळी वायर पत्र्याला आवळली होती, तिचा बोल्ट सैल निघाला. त्याला ना गंज होता, ना धूळ, आणि पान्याची खूण अगदी ताजी होती. एरवी त्यानं चार प्रश्न विचारले असते. आज त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"बॅटरीकडची वायरही बघून घ्या," शेठ म्हणाले. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. मला त्यातलं काही कळत नाही."

कळत नाही! मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही कळत नसतानाच या माणसानं त्याच्या आयुष्याची माती केली होती.

त्या वेळी तो शेठच्या दुकानात कामाला होता आणि त्यानं ॲम्प बसवून दिलेली एक गाडी रस्त्यात पेटली होती. म्हाताऱ्या आईला बाहेर ओढताना मालकाचे दोन्ही हात भाजले. बॅटरीजवळ फ्यूजच्या जागी तांब्याची तार निघाली. "मी फ्यूज बसवला होता," मिस्त्री जीव तोडून सांगत होता. शेठचा मुलगा तेव्हा दुकानात काम शिकत होता, तो खाली मान घालून उभा होता. बाकीचे नुसते बघत राहिले.

मग बाजारानं त्याचं बारसंच केलं: बिनफ्यूज. कुणी काम देईना. शेवटी गाव सोडलं. हेही त्यानं गिळलं असतं, पण एकदा बायकोनंच हळूच विचारलं होतं, "खरंच विसरला नव्हतात ना?" त्या प्रश्नाचं कुसळ अजून काळजात होतं.

त्यानं बोल्ट आवळला. ॲम्प पुऱ्या आवाजात वाजू लागला. काम संपलं होतं.

तो पुढे आला, बॉनेट वर केलं. उघडलेल्या बॉनेटआड शेठ दिसत नव्हते. बॅटरीजवळच्या डबीत नवाकोरा फ्यूज होता. पुढे वायर पत्र्यातल्या भोकातून आत जात होती. आज ना उद्या ती तिथं घासणार. फ्यूज असला तर तो उडेल. नसला तर...

त्यानं फ्यूज काढून खिशात टाकला आणि त्या जागी जाड तांब्याची तार आवळली. तार टाकली म्हणालास ना? घे मग, ही बघ, टाकली!

"झालं," बॉनेट बंद करून तो म्हणाला. "गाडी तुम्हीच चालवता?"

"मुलाची आहे. पण हल्ली तो गाडीला हात लावत नाही. धड जेवत नाही, झोपत नाही. सून आणि नात फिरतात."

मिस्त्री हात पुसायला आत गेला. फडकं हातात घेतलं आणि तिथंच थबकला. नात. त्याचं वैर शेठशी होतं. त्या पोरीनं त्याचं काय घोडं मारलं होतं? पेटलेल्या गाडीतून कुणाला तरी ओढून काढणारे हात त्याला दिसले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, ते आज आपण खरंच करून बसलो!

त्यानं खिशातून फ्यूज काढला आणि तो धावतच बाहेर आला.

"थांबा, एक काम राहिलंय..."

बॉनेट उघडं होतं. शेठ वाकून उभे होते. फ्यूजच्या डबीचं झाकण त्यांच्या हातात होतं.

त्यांनी तारेकडे पाहिलं, मग मिस्त्रीच्या तळव्यावरच्या फ्यूजकडे.

"मी आत्ता बसवणारच होतो, शेठ," मिस्त्री पुटपुटला.

"तेव्हाही असंच राहिलं असेल, नाही का रे?" शेठ शांतपणे म्हणाले.

शेठनी फोन लावला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण छातीवरचा धोंडा उतरावा तसा चेहरा मोकळा झाला होता.

"बाळा, ती तार तू टाकली होतीस हे खूळ आता डोक्यातून काढ आणि दोन घास खाऊन घे. तुझ्या शब्दावर मी आज या माणसाचे पाय धरायला आलो होतो. बरं झालं, बोल्ट मुद्दाम सैल करून आणला आणि आधी बॉनेट उघडून बघितलं."