फायरचे सहा शब्द

“पुन्हा म्हणा, वहिनी. फायर एक्स्टिंग्विशर.”

“फायर एक्टी… एक्सिंग…”

मुकादमाने कपाळावर हात मारून घेतला. तपासनीसबाईंची गाडी फाटकातून आत शिरली होती, आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्याच मशीनवर बसलेल्या या बाईची बोबडी वळली होती.

शर्ट शिवायच्या त्या तिसऱ्या मजल्यावर दीडशे बायका होत्या आणि पंधरा दिवस त्यांचा एकच धोशा चालला होता. फायरने सुरू होणारे सहा शब्द. अलार्म, ब्रिगेड, एक्स्टिंग्विशर, ब्लँकेट, एक्झिट, ड्रिल. शर्ट घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीसबाई कुणालाही उभं करून त्यांचे अर्थ विचारतात, असं वरून कळलं होतं. मुकादमाने ते ऑफिसातल्या कागदावरून जसेच्या तसे उतरवून आणले होते. त्यात काय लिहिलंय याकडे त्याने स्वतः फारसं लक्ष दिलं नव्हतं. चहाच्या सुट्टीत तो ते सगळ्यांकडून वदवून घ्यायचा. चहा गार व्हायचा आणि बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत पोपटपंची करायच्या.

वहिनीला मात्र हसू येत नव्हतं. सातवीत शाळा सुटली ती पाठांतराच्या भीतीनेच, आणि आता पन्नाशीला टेकल्यावर ती भीती पुन्हा मानगुटीवर बसली होती. भाजी चिरताना ती पुटपुटायची, केस विंचरताना पुटपुटायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एकटीचा प्रश्न असता तर एक वेळ निभलं असतं. पण दोन महिन्यांपूर्वीच तिची लेक इथे कामाला लागली होती, वहिनीच्याच शब्दावर. काजांच्या मशीनवर, पार शेवटच्या रांगेत. “तपासणीत नापास झालो तर ऑर्डर हातची जाईल,” मुकादमाने काल बजावलं होतं, “आणि जिच्यामुळे जाईल, तिच्या घरातलं कुणीही मला इथे दिसता कामा नये.” तो तसा वाईट माणूस नव्हता. त्याचंही धाबं दणाणलं होतं, एवढंच.

तपासनीसबाई आत आल्या. बुटक्याशा, जाड चष्म्याच्या, हातात कागदांची फाईल. मशिनं थांबली. एवढ्या बायका असून त्या नेमक्या वहिनीपुढेच येऊन उभ्या राहिल्या.

“घाबरू नका हं,” त्या म्हणाल्या. “फायर एक्झिट म्हणजे काय, सांगाल?”

एक्स्टिंग्विशर नव्हतं! वहिनीने डोळे घट्ट मिटले आणि एका दमात सुरुवात केली.

“आग लागली आणि नेहमीच्या जिन्याने उतरता आलं नाही, तर बाहेर पडायचं दुसरं दार. या दारापुढे कधीही सामान ठेवू नये. या दाराला कधीही कुलूप लावू नये. हे दार अडलेलं असेल, तर आतली माणसं आतच राहतात.”

“वा! शब्द न् शब्द बरोबर.” बाईंनी कागदावर खूण केली. मुकादमाचा जीव भांड्यात पडला.

वहिनीने डोळे उघडले. पंधरा दिवसांत ते उत्तर तिने शेकडो वेळा म्हटलं होतं, पण ऐकलं आज पहिल्यांदाच. तिची नजर शेवटच्या रांगेकडे गेली. तिथे भिंतीला लागून कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. गोदाम भरलं म्हणून गेल्या वर्षी ते वर आणले होते, आणि आज तपासणीसाठी त्यांच्यावर पांढरं कापड ओढलं होतं, भिंतच वाटावी असं. दार त्यांच्यामागे होतं. हे फक्त जुन्या बायकांना ठाऊक होतं. नव्या पोरींनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

त्या पांढऱ्या कापडाला टेकून तिची लेक बसली होती. जिन्यापासून सगळ्यांत लांब. आईने उत्तर बरोबर दिलं म्हणून खुशीत हसत होती.

शब्द विसरण्याची भीती या भीतीपुढे काहीच नव्हती. हिला तिथे नेऊन बसवलं कुणी? मीच की.

“आता शेवटचं,” तपासनीसबाई म्हणाल्या. “फायर ड्रिल म्हणजे काय?”

उत्तर लगेच जिभेवर आलं. अख्खं, स्वल्पविरामासकट. बाईंच्या पाठीमागे उभा राहून मुकादम नुसत्या ओठांनी तेच म्हणत होता. वहिनीने ते गिळून टाकलं.

“माहीत नाही, बाई.” तिने शेवटच्या रांगेकडे बोट केलं. “इथे कधी झालीच नाही. तुम्ही आज घ्या. ती पांढऱ्या कापडाला टेकून बसलीय ना, ती माझी लेक. ती कुठल्या दाराने बाहेर पडते, ते आपण दोघी मिळून बघू.”