दगडाबरोबर आलेला

पाल चुकचुकली तेव्हा मुलीचे वडील, आबासाहेब, सांगत होते, की लग्न झालं की रुपाली हा माशांचा नाद सोडून देईल.

मुलाच्या आईने, रतनबाईंनी, लगेच जमिनीला बोटं टेकवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हटलं. हे लक्षण चांगलं की वाईट, यावर दोन्हीकडच्या मंडळींचं एकमत होईना. रुपालीच्या चुलत्यांचं म्हणणं, आबासाहेबांचा शब्द खरा ठरणार. रतनबाईंच्या भावाचं म्हणणं, पालीने मोडता घातला. पाल बसलीय तरी कुठे, हे बघायला सगळ्यांनी माना वर केल्या. ट्यूबलाइटमागे नव्हती, कॅलेंडरमागे नव्हती. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, आणि तो कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीतून आला हे या वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं.

टाकीत खारं पाणी होतं, दोन केशरी मासे, थोडी प्रवाळं आणि मधोमध खडबडीत दगडांचा ढीग. पोहे देऊन झाल्यापासून रुपाली खाली बघत बसली होती. आता ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

“पाल नाही ती. मागच्या महिन्यात मुंबईहून एक दगड आणलाय. त्याच्या भोकात काहीतरी बसून आलंय.”

“काय आलंय?” कल्याणने विचारलं. नवरा मुलगा तोच.

तिला ते ठाऊक नव्हतं. समुद्रातल्या दगडाबरोबर काय काय न मागता येतं, आणि असा आवाज करणारे त्यात दोघं असतात, असं तिने सांगितलं. एक छोटी कोळंबी. तिचा एकच हात जाड असतो, तो मिटताना टकटक वाजतो, बाकी ती कुणाच्या वाटेला जात नाही. दुसराही दिसायला कोळंबीसारखाच, पण त्याचे दोन्ही हात सारखे, मुठी वळल्यासारखे. तो शंख फोडतो, खेकडे मारतो, शेवटी मासेही ठेवत नाही. आवाजावरून ओळखता येत नाही. तिचे दोन शंख रिकामे सापडले होते, पण आतले जीव आपोआपही मरतात.

चुलते म्हणाले, दगडच बाहेर काढून उन्हात टाकावा.

“आणि ती साधी कोळंबी निघाली तर?” रुपाली म्हणाली.

आबासाहेब हसले. टाकीला नगरचं गिऱ्हाईक बघून ठेवलंय, तेव्हा आता कशाला त्याचा विचार, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पानाचं तबक पुढे होतं, त्यात सुपारी आणि अडकित्ता. मुलामुलीने दोन शब्द बोलून घ्यावेत, म्हणजे सुपारी आजच फुटेल, असंही ते म्हणाले. एरवी अशा वेळी मुलामुलीला गच्चीवर पाठवतात, पण गच्ची तापली होती. म्हणून मोठी माणसंच उठून ओट्यावर जाऊन बसली.

रुपालीने टाकीचा दिवा बंद केला, पडदे ओढले, दार लोटलं. पाहुण्यांनी आणलेल्या फळांच्या टोपलीचा लाल जिलेटिन कागद तिने सोडवला आणि मोबाईलच्या बॅटरीवर गुंडाळला. लाल उजेडाला असे जीव फारसे बुजत नाहीत, असं म्हणून तिने मोबाईल कल्याणच्या हातात दिला. मग माशांच्या खाण्याच्या वाटीतली एक वाळकी कोळंबी चिमट्यात धरून ती दगडाच्या भोकासमोर नेली.

दोघं टाकीसमोर जमिनीवर बसले.

“आबा नाद सोडायचं म्हणाले, त्याचं तुमच्याशी आधीच बोलणं झालं होतं का?” तिने भोकाकडे बघतच विचारलं.

“माझीच अट हाय ती,” कल्याण म्हणाला. “आईचं काई न्हाई त्यात.”

रुपालीने चिमटा भोकाच्या आणखी जवळ नेला.

मग त्याने सांगितलं, त्याचं गाव पारनेरकडचं. उन्हाळ्यात टँकर येतो, बाया हंड्यासाठी एकमेकींच्या अंगावर जातात. अशात आपल्या घरात माशांसाठी टाकी भरलेली, हे त्याला बरं वाटेना. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

“उडून जातं तेवढं रोज घालावं लागतं,” ती म्हणाली. “दोन तांबे.” आणि आपणहून पुढे, “महिन्याला एक-दोन हंडे पाणी बदलावंही लागतं.”

“हंड्याचं सांगितलं नसतं तरी मला कुठं कळणार हुतं?”

“तुम्ही टाकीजवळ राहिला असतात तर कळलंच असतं.”

भोकात काहीतरी हललं. आधी दोन मिशा आल्या, मग देठावर बसवल्यासारखे दोन डोळे. ते डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत होते. कल्याण इतका वाकला की त्याचं नाक काचेला लागलं. उजेड हलू नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताने आपलंच मनगट धरलं. अंधारातून एक हात पुढे आला, त्याने वाळकी कोळंबी चाचपली आणि चिमट्यातून ओढून घेतली.

“जाड हाय,” कल्याण कुजबुजला. “लई जाड.”

“एकच जाड असला तर चांगलं. दुसरा बघायला पाहिजे.”

ओट्यावरून आबासाहेबांची हाक आली. झालं का बोलणं, फोडायची का सुपारी, असं ते विचारत होते. कल्याण गडबडीने उठायला लागला.

“थांबा आबा,” रुपाली टाकीवरची नजर न काढता म्हणाली. “आत्ता कुठं एक हात दिसलाय.”

कल्याणने बंद दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो पुन्हा खाली बसला आणि तिच्याकडून चिमटा घेऊन त्याने वाटीतली दुसरी कोळंबी धरली.