नागनाथच्या नावाचं सिमकार्ड

"तुमचा नागनाथ सापडलाय, पण लोकांना फसवल्याचा गुन्हा आहे त्याच्यावर," असा पोलिसांचा फोन आला, तेव्हा मथुराबाईंच्या कानात पहिले तीनच शब्द शिरले. घर सोडून गेलेला लेक सापडला! चोर तर चोर, पण आपला. त्यांनी घाईघाईनं धपाटे थापले आणि परभणीची एसटी धरली.

ठाण्यातल्या बाकावर भलताच पोरगा बसला होता.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या आणि हातातला डबा पुन्हा पिशवीत ठेवला.

हवालदारांनी पोराच्या पाकिटातून निघालेला, घड्या पडलेला कागद पुढं केला. मथुराबाईंनीच गावोगावच्या स्टँडवर चिकटवलेलं ते पोस्टर होतं. कुणी दुसऱ्याच मुलाला आणून उभं करू नये, म्हणून त्यांनी त्यावर लेकाचं अख्खं आधार कार्ड छापलं होतं. या पोरानं त्यावरूनच नागनाथच्या नावाचं सिमकार्ड मिळवून लोकांना फसवलं होतं, म्हणून पोलीस त्यालाच नागनाथ समजले होते.

"आधारचा नंबर असा चारचौघांत लावतात का, मावशी?" हवालदार कळवळून म्हणाले.

मथुराबाई त्या पोराकडे वळल्या. "कुठलं काढलंस रे हे?"

"सेलूच्या स्टँडवरचं."

"म्हणजे तिथं आता काहीच नाही."

त्यांनी पिशवीतून नवं पोस्टर काढलं. हवालदारांचं पेन मागून आधारचा नंबर खोडला, जन्मतारीख खोडली. नाव मात्र राहू दिलं. कुणी हाक मारली, तर त्यानं वळून बघायला हवं.