तहानलेली माती

"विश्वास बसायचा नाही कुणाचा, पण आमची माती रोज हौदभर पाणी पिते, तरी तहानलेलीच!" गेनूआबा सुनेला, शेवंताला, रंगवून सांगत होते.

तेवढ्यात मातीत रोवलेलं, ओल मोजणारं यंत्र बोललं, "आबा, पाणी सोडा. तहान लागलीय."

आवाज दिगंबरचा होता. गावात जो तो आपल्या यंत्राला घरच्याच माणसाचा आवाज देई. आबांनी मुलाचा दिला होता. दिगंबर गेल्या उन्हाळ्यात वारला.

"ऐकलंस? खाली भोक पडलंय, पाणी थेट पाताळात जातं. शेषनाग आंघोळ करतो त्यात!"

शेवंताने माना टाकलेल्या वांग्यांच्या बुडाशी बोटं खुपसली. कोरडी धूळ निघाली.

"खोटं बोलताय, मामा. तुम्ही पाणी सोडतच नाही. माती भिजली की ह्यांचा आवाज बंद होतो, म्हणून ना?"