सोमवारची पिशवी

तिसरी चिठ्ठी निळ्या स्वेटरच्या खिशात सापडली तेव्हा मास्तरांनी हातातली सुई खाली ठेवली.

ही पहिल्या दोन्हींसारखीच होती. वहीच्या कागदाचा बोटभर तुकडा, पेन्सिलीचं बारीक अक्षर. ‘मला इथून बाहेर काढा. आता फार दिवस नाहीत.’

"ताई, हे बघा."

दुकान चालवणाऱ्या ताईंनी चिठ्ठी वाचली आणि आधी मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

दुकान संस्थेचं होतं. लोक वापरलेले कपडे आणून द्यायचे, मास्तर ते तपासून, उसवलेलं शिवून मांडणीवर लावायचे, आणि विक्रीचे पैसे धर्मादाय दवाखान्याला जायचे. मास्तर आयुष्यभर शिंपीकाम केलेले. बायको गेल्यावर तिचे कपडे द्यायला म्हणून आले. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक स्वेटर विकत घ्यायला परत आले. मग रोजच यायला लागले.

"त्याच पिशवीत?" ताईंनी विचारलं.

"त्याच. सोमवारच्या."

दर सोमवारी अकरा वाजता एक गृहस्थ बायकोच्या जुन्या कपड्यांची पिशवी घेऊन यायचा. साठीचा, मऊ बोलणारा. बायको बाहेर गाडीत बसून राहायची, कधी उतरायची नाही. ह्याचं सगळं लक्ष काचेतून गाडीकडे. पाणी विचारलं तर "नको, ती वाट बघतेय" म्हणायचा, ताईंनी दिलेली पावती मुठीत धरायचा आणि लगबगीनं निघून जायचा.

"दिसायला अगदी गरीब गाय," ताई म्हणाल्या. "आणि बायकोला गाडीतून खाली उतरू देत नाही मेला."

"पोलिसांत जाऊ या?"

"चिठ्ठीवर नाव नाही, काही नाही. पोलीस घरी जाऊन त्यालाच विचारतील. ते निघून गेले की घरात ती आणि तो. पुढचं मी सांगायला हवं का?"

मास्तरांना स्वतःचं घर आठवलं. त्यांची बायको वर्षभर एका कुशीवर झोपायची. ती काही बोलली नाही आणि ह्यांनी काही विचारलं नाही. डॉक्टरकडे नेलं तोवर उशीर झाला होता. इथं तर एक जण तीनतीनदा सांगत होतं.

"मी तिच्याशीच बोलतो," ते म्हणाले. "तुम्ही त्याला आत अडकवून ठेवा."

"तुम्ही? पिशवीतून झुरळ निघालं की माझ्या नावानं हाका मारता, मास्तर."

"म्हणून तर तुम्ही आत थांबा. त्याच्यासमोर उभं राहणं मला जमायचं नाही."

सोमवारी सकाळपासून मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना. अकराला गृहस्थ आला. ताईंनी त्याच्यासमोर कसलासा फॉर्म ठेवला आणि डोक्यावरचा चष्मा ड्रॉवरमध्ये शोधायला लागल्या.

मास्तर मागच्या दारानं बाहेर पडले. गाडी वीसेक पावलांवर होती. मानेवर त्या माणसाची नजर आहे असं वाटत होतं, पण मागं वळून बघायची छाती होईना.

बाई स्टिअरिंगपाशी बसली होती. मास्तरांनी काचेवर टकटक केलं. काच चार बोटं खाली आली.

"तुमच्या कपड्यांत सापडल्या," मास्तरांनी तिन्ही चिठ्ठ्या आत सरकवल्या. "घाबरू नका. त्यांना काही कळलेलं नाही."

बाईनं एकेक चिठ्ठी सावकाश वाचली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अजून कुणी बघितल्या?"

"मी आणि आमच्या ताई. बस. मागं फोन नंबर लिहिलाय. नाहीतर असं करा, आत्ताच चला माझ्याबरोबर."

"नको. माझं मी बघते." तिनं चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्या. "बरं झालं मलाच आणून दिल्यात. दुसऱ्या कुणाच्या हाती पडल्या असत्या तर..."

दुकानाचं दार वाजलं. मास्तर कचऱ्याच्या डब्याआड खाली बसले. गाडी निघून गेल्यावरही बराच वेळ ते तिथून उठले नाहीत.

आठवडाभर ते फोनकडे बघत राहिले. वाजला की छातीत धस्स व्हायचं आणि नाही वाजला तर त्याहून जास्त. चहाही नको म्हणायचे. घरी गेल्यावर त्यानं तिची पर्स उघडली असेल तर? आपणच तिला सुळावर चढवलं तर नाही?

"असेल हो नीट," ताई म्हणायच्या. पण त्याही अकरा वाजले की दाराकडे बघायच्या.

सोमवारी गाडी आली. बाई एकटीच उतरली.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तिनं दोन भरलेल्या पिशव्या टेबलावर ठेवल्या.

"सुटलात?" ताईंनी हळूच विचारलं.

"सुटले." बाई हसली. "ह्यांचं कपाट रिकामं केलं. हे कपडे आता लागायचे नाहीत त्यांना." मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले. तुम्ही नसतात तर मला कळलंही नसतं."

काय कळलं नसतं, ते मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ते दारात उभे राहिले, मग ताईंकडे चहा मागितला. आठवड्यात पहिल्यांदाच.

चहा येईपर्यंत त्यांनी पिशवी उघडली. वर पांढरा शर्ट होता, इस्त्री केलेला. त्यांनी सवयीनं खिशात बोटं घातली. बोटं आत जाईनात.

दुसरा शर्ट घेतला, तिसरा घेतला. मग पँटी, पुढचे खिसे, मागचे खिसे. एकूण एक खिसा तोंडापाशी हातशिलाईनं घट्ट शिवून टाकलेला होता, आणि तो काळा दोरा कित्येक वर्षांच्या धुण्यानं विटून राखाडी पडला होता.