जनरल ट्रेडवेल यांचा बाहू

"हात उद्याच रिचमंडला न्यायचा," असे म्हणून कर्नल मॅब्री यांनी छडीच्या टोकाने थडग्याची कड चाचपली.

टॅबिथाच्या हातातील फुले हातातच राहिली.

अमेरिकेतील यादवी युद्ध संपून एक पिढी लोटली होती. जनरल ट्रेडवेल यांचा छाटलेला डावा बाहू याच सफरचंदाच्या बागेत पुरला गेला होता. आठवड्याभरातच ते निवर्तले आणि रिचमंडच्या संगमरवरी समाधीत विसावले. दर मे महिन्यात गोऱ्या स्त्रिया येथे येत, स्तोत्रे गात व निघून जात. उरलेले वर्षभर त्या शिळेची झाडलोट टॅबिथाच करीत असे. पूर्वी ती या मळ्यावर गुलाम होती. आता बागेच्या कडेला झोपडीत राहत असे.

शेजारचा ओबडाया कुंपणाला टेकून ऐकत होता.

"सुटलीस टॅबिथाताई!" तो कुजबुजला. "आपल्या बेड्या तुटू नयेत म्हणून लढला तो. तुझा पोरगा गिडियन, ह्याचा हात कापला त्याच दिवशी, ह्यांच्या गाड्या हाकताना जखमी झाला; त्याचाही हात कापला, तरी मेला. त्याला लोटलं सगळ्यांबरोबर खड्ड्यात. आणि तू फुलं वाहतेस ती ह्याला?"

"कुंपणावर भार टाकू नकोस. तुझ्यासारखंच म्हातारं आहे ते," टॅबिथा म्हणाली.

इतक्यात बग्गीतून जनरलसाहेबांची कन्या लव्हिनिया उतरली. तिचा पोशाख काळा होता आणि मुद्रा विषण्ण होती.

"मावशी, तो हात तूच गुंडाळलास ना?"

"होय, बाईसाहेब. डॉक्टर म्हणाले, जनरलसाहेबांचा वेगळा ठेव, बाकीच्यांचे कापलेले हातपाय खड्ड्यात टाक. मी माझ्या शालीत गुंडाळून दिला. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना म्हटली. शिपायांनी बंदुका झाडून सलामी दिली."

"मग तुला तरी कळेल. न्यायाच्या दिवशी कर्णा वाजेल, सगळी थडगी उघडतील, आणि पपा तसेच उठतील, थोटे. या विचाराने मला झोप लागत नाही गं."

टॅबिथाने बग्गीमागच्या गाडीकडे पाहिले. तीत कुदळी व फावडी होती. नको म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता.

"बाईसाहेब, जे समुद्रात बुडाले, माशांनी खाल्ले, त्यांनाही देव उठवणार ना?"

"उठवणारच."

"धडधाकट?"

"हो."

"मग ज्याला एवढं जमतं, त्याला इथून रिचमंडची वाट सापडायची नाही?"

"शाळेची पायरी न चढलेली ही आता आम्हाला बायबल शिकवणार!" कर्नल गरजले.

परंतु लव्हिनिया रडता रडता हसली. "राहू द्या, कर्नल. पपांना तुमच्यापेक्षा हिचंच पटलं असतं." तिने वाकून शिळेचे चुंबन घेतले. "अशी निष्ठा आता कुठे बघायला मिळते, मावशी!"

बग्गी गेली. तिच्यामागून फावड्यांची गाडीही हात न घेताच गेली. ओबडाया थुंकला आणि तोंड फिरवून चालता झाला.

टॅबिथा गवतावर बसली. तिने फुले शिळेवर ठेवली आणि तळहाताने ती शिळा सावकाश थोपटली.

"गिडियन," ती म्हणाली, "कर्णा वाजला की आधी इकडे ये, बाळा. तुझा हात आईनं सांभाळलाय."